बेट्टाच्या पैदाशीसाठी टाकी केवढी हवी?
आता टाकीच्या मापाकडे येऊ. बेट्टा, म्हणजे आपला फायटर, बरणीतही तग धरतो. म्हणून पैदासही तिथंच होईल असं अनेकांना वाटतं. पण जोडी लावली की नर मादीच्या मागे लागतो, चावे घेतो. पळायला, लपायला जागा नसेल तर मादी मरूही शकते. म्हणून आपण साधारण ४० लिटरची, लांब-रुंद टाकी घेऊ आणि त्यात वनस्पती सोडू. पाणी मात्र १०-१५ सेंटिमीटरच भरायचं. का? नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. खाली पडलेली अंडी आणि पिल्लं तो तोंडात धरून पुन्हा वर नेतो. पाणी खोल असेल तर त्याच्या खेपा लांबतात. थोडक्यात, टाकीची लांबी मादीसाठी, उथळ पाणी पिल्लांसाठी. अंडी घालून झाली की मादीला बाहेर काढू. पिल्लं आडवी पोहू लागली की नरालाही.