ना. सी. फडके : प्रेमकथा आणि तंत्र
‘जादूगार’, ‘दौलत’ अशा प्रेमकथाप्रधान कादंबऱ्यांमुळे ना. सी. फडके (१८९४-१९७८) लोकप्रिय झाले. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी ललितलेखनाच्या तंत्राची मीमांसा केली. कलेचे प्रयोजन आनंद हेच, असे ते मानत, जीवनवादी वि. स. खांडेकरांशी त्यांचा मतभेद याच मुद्द्यावर होता. कथानकाची गुंफण अभ्यासाने साधता येईल. परंतु प्रेम केवळ तंत्राने उभे राहते काय? नायक-नायिकेच्या मीलनातील अडथळा योगायोगाने आला, की त्यांच्या स्वभावातून निर्माण झाला, हे कादंबरी वाचताना तपासा. पहिल्या प्रकारात वाचकाची उत्कंठा वाढते. दुसऱ्या प्रकारात प्रेमाची कसोटी लागते. तंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही येथेच आपल्या ध्यानात येतील.