‘श्यामची आई’ कशी वाचावी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हाती ‘श्यामची आई’ द्यावयाची आणि आपण डोळे पुसावयाचे, अशी आपल्या घरांतून रीत आहे. अंघोळ झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, ती कथा कोणास ठाऊक नाही? तेथे रडू आले तर वावगे नाही. पण डोळे भरून आले की पुढच्या पानांवरचा हिशेब दिसेनासा होतो.

साने गुरुजी कोकणातील पालगडचे. पण १९२४ ते १९३० ते आपल्या अमळनेरास शिक्षक होते. १९३२ च्या उन्हाळ्यात धुळ्याच्या तुरुंगातील विनोबांची गीता-प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत, त्यांनी हे पुस्तक बहुतेक लिहून काढले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले.

आता हिशेब पाहा. घराणे खोताचे. वाटणी होते, कर्ज वाढते, राहावयास झोपडी येते. सावकाराचा तगादा लागतो आणि अखेर जप्तीची दवंडी पिटली जाते. आई खचते ती या साऱ्यात. वैद्य तिच्या दुखण्यास काहीही नाव देवो, त्यात व्याजाचा वाटा आहेच. कामगारांत माझा जन्म गेला. उचल घेतलेला कामगार कर्जाचा आकडा घरी सांगत नाही. पण बायकोला तो तेलाच्या डब्यावरून कळतो. म्हणून ही पाने मला परकी वाटत नाहीत.

आणखी एक प्रसंग. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. आणि मग घरी येऊन अंघोळ कर. त्या काळी त्या माउलीने एवढे पाऊल टाकले. मुलगा ती अंघोळ मागे टाकून पुढे गेला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत मुलांबरोबर हे पुस्तक जरूर वाचा. वाचून झाले की त्यांना दोन प्रश्न विचारा : हे घर कशाने बुडाले? आणि आईने जेथे पाऊल थांबविले, तेथून पुढे कोणी जावयाचे? मुले उत्तर देतील. आपणही आपले उत्तर तयार ठेवावे.