सायंकाळचें आकाश आणि आपला कॅमेरा



हौशी छायाचित्रकाराच्या संग्रहांत सूर्यास्ताचें एखादें तरी चित्र असतेंच, आणि निराशाहि बहुधा याच विषयांत अधिक पदरीं येते. डोळ्यांना शेंदरी, जांभळें आणि सोनेरी दिसलेलें आकाश चित्रांत फिकट पांढरें उमटतें. आकाश साधलें तर खालची वाळू, नारळीचीं झाडें आणि माणसें काळीं ठिक्कर होतात. अशा वेळीं गृहस्थाची पहिली समजूत अशी होते, कीं आपला कॅमेरा हलका आहे. आणि मग भारी कॅमेऱ्यांच्या किंमतींची चौकशी सुरू होते. त्या चौकशीपूर्वीं दोष नेमका कोठें असतो हें समजून घेतलें, तर पुष्कळ पैसे वांचतील आणि चित्रेंहि सुधारतील. आजच्या भाषणाचा हेतु एवढाच आहे.

ही अडचण छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्या ओल्या कलोडियनच्या कांचा वापरीत, त्या निळ्या प्रकाशाला फार आणि हिरव्या-तांबड्या प्रकाशाला अगदींच थोडा प्रतिसाद देत. त्यामुळें जमिनीवरील देखावा नीट उमटेपर्यंत आकाश अतिप्रकाशानें कोरें होऊन जाई. त्या काळच्या पुष्कळ चित्रांत ढग दिसत नाहींत याचें कारण हें आहे. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास यावर एक युक्ति काढली. समुद्रासाठीं एक कांच आणि आकाशासाठीं दुसरी कांच घेऊन, त्या दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवून त्यानें एकच चित्र छापलें. पुढें १८७३ सालीं जर्मनींतील हेरमान फोगेल यानें रंगद्रव्यांच्या साहाय्यानें कांचांना इतर रंगांची जाण आणण्याचा मार्ग शोधला. मागाहून फिल्म आली. १९७५ सालीं कोडक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें फिल्मवांचून चालणारा डिजिटल कॅमेरा बनविला. साधनें पालटलीं, तरी ल ग्रेपुढचा प्रश्न तसाच राहिला. आजचा मोबाईल एकदां बोट टेकतांच कमी-अधिक प्रकाशाचीं अनेक चित्रें घेऊन तीं आंतल्या आंत जुळवितो. युक्ति ल ग्रेचीच आहे. मात्र निवड आपण न करतां यंत्र करतें.

प्रश्न असा आहे, कीं सायंकाळीं आकाश आणि धरती यांच्या तेजांत फार मोठी तफावत असते. आपला डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागीं फिरतां फिरतां स्वतःला जुळवून घेतो, म्हणून आपणांस दोन्ही एकदम दिसल्यासारखीं वाटतात. कॅमेऱ्याला ही सोय नाहीं. त्यांतील प्रकाशमापक समोरच्या सर्व देखाव्याची सरासरी काढतो आणि तो देखावा मध्यम उजेडाचा आहे असें धरून चालतो. चौकटींत काळोखी जमीन अधिक असली तर तो प्रकाश जास्त घेतो, आणि आकाशाचे रंग धुऊन जातात. तेव्हां छायाचित्रकारानें आधींच ठरविलें पाहिजे, कीं आज राखावयाचें काय आणि सोडावयाचें काय. सूर्यास्ताच्या चित्रांत बहुधा आकाश राखावें आणि जमीन काळी होऊं द्यावी. त्यासाठीं प्रकाशाचें माप सूर्याच्या बाजूच्या आकाशावर घ्यावें, तें कायम करावें, आणि मग चौकट ठरवावी. मोबाईलवर आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकून प्रकाश किंचित उतरवावा. मन साशंक असेल तर एकाच देखाव्याचीं तीन चित्रें घ्यावीं : एक मापाप्रमाणें, एक त्याच्या निम्म्या प्रकाशांत आणि एक दुप्पट प्रकाशांत. यांत खर्च कांहींच नाहीं.

आतां रंगांकडे वळूं. अतिसूक्ष्म कण लहान लहरींचा प्रकाश मोठ्या लहरींच्या प्रकाशापेक्षां कितीतरी अधिक विखरतात, हें इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यानें १८७१ सालीं गणितानें दाखविलें. निळा प्रकाश तांबड्यापेक्षां चौपटीहून अधिक विखुरला जातो. सूर्य क्षितिजाशीं येतो तेव्हां त्याच्या किरणांना, तो माथ्यावर असतांना लागते त्याच्या सुमारें ३८ पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या वाटचालींत निळा रंग गळून जातो आणि पिवळा, नारिंगी व तांबडा शिल्लक राहतो. त्याच वेळीं हवेमुळें किरण वांकतात. म्हणून बिंब पाण्याला टेकलेलें दिसतें तेव्हां तें भूमितीच्या हिशेबानें बहुतेक सर्व क्षितिजाखालीं गेलेलें असतें, आणि खालून थोडें चपटें दिसतें. चित्रांत तें तसें आलें तर भिंगाला दोष देऊं नये.

धुळीनें व धुरानें सूर्यास्त अधिक रंगतो, ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं. शहरावरील दाट धुरळ्यानें रंग मळतात आणि बिंब क्षितिजाला पोंचण्यापूर्वींच विझल्यासारखें होतें. पावसानें धुतलेली हवा, पश्चिमेला मोकळी फट, आणि माथ्यावर पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग, असा योग आला म्हणजे रंग खुलतात. मोठ्या ज्वालामुखीच्या स्फोटाची गोष्ट निराळी. त्याचे अतिसूक्ष्म कण व तुषार ढगांच्याहि वर जाऊन पसरतात. १८८३ च्या ऑगस्टमध्यें क्राकातोआचा स्फोट झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस लंडनमध्यें अद्भुत सायंकाळ दिसूं लागले. रंगीत छायाचित्रण त्या वेळीं व्यवहारांत नव्हतें. म्हणून विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकारानें थेम्सच्या कांठीं बसून रंगीत खडूंनीं शेंकडों आकाशचित्रें काढलीं. १८८८ सालीं रॉयल सोसायटीनें त्या स्फोटावरील ग्रंथांत त्यांतील कांहीं छापलीं. जें काम त्यांना खडूंनीं करावें लागलें, तें आज आपल्या खिशांतील यंत्र करूं शकतें, हें विसरूं नये.

मात्र त्यासाठीं यंत्राला थोडें आवरावें लागतें. कॅमेऱ्यांतील रंगसंतुलन स्वयंचलित ठेवलें, तर तो सायंकाळची तांबूस छटा हा दोष समजून ती पुसूं पाहतो. म्हणून तें उन्हाच्या खुणेवर स्थिर करावें. याच्या उलट, कित्येक मोबाईल आपण होऊन रंग भडक करतात. पुढें अनेक वर्षांनीं घरांतील मुलें तें चित्र पाहतील, तेव्हां तें त्या संध्याकाळची साक्ष देणार कीं यंत्राच्या आवडीची, याचा विचार चित्र घेतांनाच करावा. ज्या कॅमेऱ्यांत किंवा मोबाईलमध्यें चित्राची कच्ची नोंद, म्हणजे ज्याला रॉ म्हणतात ती, ठेवण्याची सोय आहे, तेथें ती अवश्य ठेवावी.

वेळेविषयीं एक सूचना. मुंबईच्या अक्षांशावर सूर्याच्या बिंबाला क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडण्यास सुमारें सवादोन मिनिटेंच लागतात. तेव्हां सारी सिद्धता आधीं हवी. पण बिंब बुडतांच चौपाटीवरील मंडळी घराकडे वळतात, ती घाई आपण करूं नये. त्यानंतर दहा-वीस मिनिटांत उंच ढगांना खालून प्रकाश मिळून रंग पुन्हां उजळण्याचा संभव असतो. पूर्वेकडेहि पाठ वळवून पाहावें. आकाश निरभ्र असेल तर क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढतांना दिसतो, आणि त्याच्यावर गुलाबी कड असते. तो करडा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीचीच छाया होय.

आतां साधनांची निवड. पहिला विचार भिंगाचा करावा. भिंगावर मिलिमीटरचा जो आंकडा असतो, त्याला सुमारें ११० नें भागलें असतां सूर्याच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगानें सूर्य अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान पडतो. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच अशा पूर्ण चौकटींत तो उंचीच्या पन्नासाव्या हिश्शाइतका दिसेल. मोबाईलच्या मुख्य भिंगाचा देखावा याहून सुमारें दुप्पट रुंद असल्यामुळें त्यांत सूर्य टिकलीएवढाच राहतो. ४०० मिलिमीटरच्या भिंगानें मात्र तो उंचीचा सहावा-सातवा हिस्सा व्यापतो. म्हणून ज्याला ढगांचा विस्तार हवा त्याला मोबाईल पुरतो. ज्याला डोलकाठीमागें थोरलें बिंब हवें, त्यालाच लांब भिंगाची गरज आहे. मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरचें भिंग पूर्ण चौकटीवरील ३७५ मिलिमीटरच्या भिंगासारखें काम देतें, आणि गृहस्थी हौसेला तें पुरेसें आहे.

मेगापिक्सलच्या आंकड्याला भुलूं नये. ए-४ आकाराचें चित्र उत्तम छापण्यास सुमारें ८७ लक्ष बिंदु लागतात. एवढे बिंदु आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतातच. त्याऐवजीं प्रकाश, छिद्र व शटर हीं स्वतःच्या हातानें बदलतां येतात कीं नाहीं, हें पाहावें. उरलेल्या पैशांत एक भक्कम तीन पायांची घोडी घ्यावी. संधिप्रकाशांत शटर सेकंद-दोन सेकंद उघडें राहतें, तेथें कितीहि महाग कॅमेरा हातांत स्थिर राहत नाहीं. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र घेण्याची योजना वापरली, कीं बोटाचा धक्काहि टळतो. भिंगावर संरक्षणासाठीं लावलेली साधी कांच सूर्यासमोर काढून ठेवावी. तिच्यावरील परावर्तनानें आकाशांत सूर्याचें भूत उमटतें.

वापरलेला कॅमेरा घेण्यास हरकत नाहीं. पण भिंगांतून दिव्याकडे पाहून आंत बुरशीचे धागे नाहींत ना, हें तपासावें. मुंबई व कोंकणाच्या दमट हवेंत ही बुरशी भिंगाची मोठी वैरीण आहे. पावसाळ्यांत भिंगें कातडी पिशवींत कोंडून न ठेवतां, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीं, आणि समुद्रावरून आल्यावर खारट तुषार मऊ ओलसर फडक्यानें पुसून घ्यावे.

एका गोष्टींत मात्र हयगय मुळींच चालणार नाहीं. ज्या कॅमेऱ्याच्या खिडकींतून भिंगाचा प्रकाश सरळ डोळ्यांत येतो, त्यांतून उंचावरचा प्रखर सूर्य कधींहि पाहूं नये. लांब भिंगानें एकवटलेलें तेज दृष्टिपटल जाळतें. आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्यामुळें इजा झाली हें त्या वेळीं समजतहि नाहीं. चौकट मागच्या पडद्यावर पाहून ठरवावी, आणि लांब भिंग सूर्यावर उगाच रोखून ठेवूं नये. मुलांच्या हातीं असा कॅमेरा देतांना ही ताकीद प्रथम द्यावी.

शेवटीं एक अभ्यास सुचवितों. आश्विनापासून वैशाखापर्यंत आठवड्यांतून एकदां, एकाच जागेवरून, एकाच भिंगानें सूर्यास्ताचें चित्र घ्यावें, आणि त्याखालीं तारीख, वेळ व ढगांचा प्रकार लिहून ठेवावा. मुंबईंत डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या सुमारें २५ अंश दक्षिणेस मावळतो आणि जूनमध्यें तितकाच उत्तरेस. त्याची ही ये-जा आपल्याच गच्चीवरून चित्रांत उतरलेली दिसेल. एवढा क्रम पुरा करीपर्यंत नवा कॅमेरा विकत घेण्याचें लांबणीवर टाकावें. मग आपल्याला काय उणें पडतें हें वहींतील नोंदीच सांगतील, आणि दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षां तो सल्ला अधिक भरंवशाचा ठरेल.