समजून घ्या : खेळ थांबल्यावर फुटबॉलपटू काय करतो? खालिद जमील यांची वाट

महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी. मिडफिल्डर खालिद जमील मुंबईच्या या तीन संघांकडून खेळले. देशाच्या अव्वल फुटबॉलमध्ये आज यातला एकही संघ नाही. जमील यांची मात्र १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली.

खेळ का थांबला?
१९७७ मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले जमील पुढे मुंबईत आले आणि भारताकडूनही खेळले. दुखापतींनी कारकीर्द आखूड केली. २००९ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी त्यांनी मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद घेतले. पैसा बेताचा, तरी सात वर्षे त्यांनी हा संघ आय-लीगमध्ये टिकवून ठेवला. विजेतेपद नाही, पण पदावनतीही नाही.

ऐजॉलमध्ये काय घडले?
२०१६ मध्ये मुंबई एफसी सुटली आणि ते मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्याने त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत होते. शेवटून दुसऱ्या सामन्यात ऐजॉलने मोहन बागानला १-० हरवले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ बरोबरी साधली आणि अवघ्या एका गुणाने आय-लीग जिंकली. ईशान्येकडील क्लबचे हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद. त्याच हंगामात मुंबई एफसीची पदावनती झाली आणि तो संघ संपला. योगायोग म्हणावा, तर बोलका आहे.

मग आयएसएलला उशीर का?
तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणजे परदेशी, असाच शिरस्ता होता. मधल्या काळात जमील यांनी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान सांभाळले. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना आधी हंगामी म्हणून नेमले. संघ प्लेऑफमध्ये गेला, तेव्हा कुठे कायम पद मिळाले. आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले भारतीय. पुढे जमशेदपूरला त्यांनी २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत नेले.

राष्ट्रीय संघासोबत कसे गेले?
२०११-१२ मधील गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर या पदावर आलेले ते पहिलेच भारतीय. सुरुवात झकास झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून भारत तिसरा आला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने २-१ हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० मात दिली. बांगलादेशविरुद्ध भारत २२ वर्षांनी हरला.