पोथी टिकते कशी?

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या नकलांवरून नकला होत राहिल्या आणि पाठ बिघडत गेला. शके १५०६ (१५८४) मध्ये पैठणच्या एकनाथांनी हाती आलेल्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत, अशी ताकीदही त्यांनी शेवटी देऊन ठेवली. संतवाङ्मयाचे जतन कसे करावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ मराठीत नाही.

महानुभावांनी वेगळी वाट धरली. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी भक्तांना विचारून जमवल्या आणि लीळाचरित्र उभे राहिले. मूळ प्रत धामधुमीत गेली, तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. पुढे पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. त्यामुळे ते परक्या हातांपासून वाचले, पण मराठी अभ्यासकांनाही कित्येक शतके पारखे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि हे दालन खुले झाले.

रामदासी वाङ्मयासाठी शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. मठामठांतून जमवलेली बाडे आज तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. पण अजूनही कितीतरी पोथ्या घरोघरी देव्हाऱ्याशेजारी, माळ्यावर पडून आहेत. ओल आणि कसर हे त्यांचे मुख्य शत्रू. कसर लागली की हातकागदाची चाळण होते आणि ओलीने पाने एकमेकांना चिकटतात. जीर्ण पोथी श्रद्धेने नदीत सोडायची रीतही आहे. भावना समजण्याजोगी असली, तरी त्या पाण्यात एखादा दुर्मीळ पाठ कायमचा जातो. पोथी सुती कापडात बांधून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा डाग पुढे निघत नाही.

पानांची छायाचित्रे घेणे आता सोपे झाले आहे. खरे काम त्यानंतरचे. ग्रंथ कोणता, नक्कल कोणी, कुठे, कोणत्या शकात केली, याची नोंद नसेल, तर हजारो छायाचित्रांत हवी ती पोथी सापडायची नाही. जुन्या पोथीत शब्द सुटे न करता ओळ सलग लिहिलेली असते, मात्राही कधी अक्षराच्या मागे काढलेली असते. हे वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि कागदापेक्षा ही घट अधिक चिंतेची आहे. यावर एक वाट आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे संतांचे ग्रंथ शिकवले जातात आणि अभंग मुखोद्गत होतात. तिथल्यासारख्या विद्यार्थ्यांना जुन्या अक्षराची ओळख करून देणे फारसे अवघड नाही.

अक्षर वाचता आले, तरी सगळे हाती येत नाही. अभंगांच्या गाथेच्या पानावर चाल लिहिलेली नसते. ती वारकऱ्यांच्या फडावरच्या जुन्या गायकांच्या आणि टाळकऱ्यांच्या कंठात असते. एकच अभंग गावागणिक वेगळा म्हटला जातो. म्हणून ध्वनिमुद्रण करताना गाव, फड, प्रसंग आणि पखवाजाचा ठेका यांचीही नोंद ठेवावी लागते.