चर्रर्र! दगडाखाली कोण आहे?

साप कसा आवाज काढतो, असं विचारलं की तुम्ही सगळे एका सुरात ‘फुस्स’ करणार. बरोबरच आहे. पण आपल्याकडे एक साप असा आहे, जो तोंड घट्ट मिटूनसुद्धा भलामोठा आवाज काढतो. लांबी जेमतेम फूटभर आणि स्वभाव म्हणाल तर महातापट! कोकणातल्या दोस्तांनी एव्हाना ओळखलंही असेल. हे आपलं फुरसं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभ्या दगडाचे उघडे सडे असतात ना, ती फुरशाची लाडकी जागा. दिवसा दगडाखालच्या गार सांदीत अंग चोरून बसायचं आणि अंधार पडला की बाहेर पडायचं. अंगाचा तपकिरी रंग तिथल्या मातीशी इतका जुळतो, की पावलाजवळ असलं तरी चटकन दिसत नाही. नीट पाहिलं तर पाठीवर पांढुरके ठिपके, दोन्ही कुशींवर नागमोडी रेघ आणि डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण दिसते. डोळे मोठे, आणि मांजरासारख्या उभ्या बाहुल्या.

याला कुणी डिवचलं तर ते लगेच पळत सुटत नाही. अंगाचे वेढे एकमेकांना लावून बसतं, डोकं मधोमध ठेवतं आणि शेजारशेजारचे वेढे उलटसुलट दिशांनी सरकवायला लागतं. चर्रर्र... चर्रर्र... तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो.

आवाज येतो कुठून? चला, भिंग घेऊन त्याची कूस बघू. (अर्थात फोटोतली!) सापाच्या पाठीवरचे खवले सरळ रांगेत असतात. फुरशाच्या कुशीवरच्या खालच्या चार ते सात रांगा मात्र तिरक्या, खाली झुकलेल्या असतात. त्यातल्या प्रत्येक खवल्याच्या मधून एक उभट धार जाते आणि त्या धारेवर अगदी बारीक दाते असतात. म्हणजे कुशीवर छोट्या छोट्या करवतींच्या रांगाच म्हणा ना! एका वेढ्याचे दाते शेजारच्या वेढ्याच्या दात्यांवर घासले, की झाला आवाज.

एवढा खटाटोप कशाला? फुस्स करताना फुप्फुसातली दमट हवा बाहेर जाते, म्हणजे अंगातलं थोडं पाणीही जातं. फुरशाचे बहुतेक भाऊबंद कोरड्या, रेताड मुलखात राहतात. तिथे पाण्याचा थेंबही मोलाचा. म्हणून त्यांनी अंग घासण्याची युक्ती उचलली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मला तरी हा अंदाज फार आवडतो.

हो, भाऊबंद! फुरशाचं कुटुंब मोठं आहे. शास्त्रज्ञ या प्रजातीला ‘एकिस’ म्हणतात. तिच्यात डझनभर जाती आहेत आणि त्या पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तान, इराणमार्गे थेट भारत-श्रीलंकेपर्यंत पसरल्या आहेत. ओमानच्या डोंगरांत एक, इजिप्तकडे दुसरी, सहारा वाळवंटाच्या कडेला पांढऱ्या पोटाची तिसरी. राजस्थानातलं फुरसं आपल्या कोकणातल्यापेक्षा चांगलंच मोठं होतं. वाळूवर ते सरळ सरपटत नाही, अंगाचे वळसे उचलून टाकत तिरकं तिरकं जातं. आणखी एक गंमत म्हणजे आफ्रिकेतली फुरशी अंडी घालतात, आपल्याकडची मात्र थेट पिल्लांना जन्म देतात. बोटाएवढी ती पिल्लं जन्मतःच विषारी असतात.

आफ्रिकेत तर या फुरशाची नक्कल करणारा एक साप आहे. त्याला विष नाही, धड दातही नाहीत. तो फक्त पक्ष्यांची अंडी गिळून जगतो. पण संकट आलं की हा पठ्ठ्या फुरशासारखेच वेढे घालतो, तसेच खवले घासतो आणि तस्साच चर्रर्र आवाज काढतो! रंगही बराचसा तसाच. समोरचा प्राणी घाबरून मागे सरला, की याचा जीव वाचला.

फुरशाचं जेवण ऐकाल तर दचकाल. पाली, बेडूक, उंदराची पिल्लं तर ते खातंच, शिवाय गोमा आणि चक्क विंचूही! 2009 साली काही शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या जातींच्या फुरशांचं विष विंचवांवर तपासून पाहिलं. ज्या जाती विंचू-किडे पुष्कळ खातात, त्यांचं विष विंचवांना जास्त लवकर मारतं, असं दिसलं. ज्या जाती उंदीर-पालींवर जगतात, त्यांचं विष विंचवांवर तितकंसं चालत नाही. जसं भक्ष्य, तसं विष.

म्हणून कोणती जात कुठली, हे नीट ठाऊक असावं लागतं. भारतातल्या फुरशाच्या विषावरून बनवलेलं इंजेक्शन पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात वापरलं गेलं, तेव्हा तिथे सर्पदंशानं मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं. दोन्हीकडे फुरसंच, पण जात वेगळी, विष वेगळं. इथलं औषध तिथे पुरं पडेना.

हे विष माणसाच्या रक्तात गेलं की काय करतं? एरवी गुडघा खरचटला की रक्त येतं आणि थोड्या वेळानं गोठून थांबतं. रक्त गोठवणारी द्रव्यं आपल्या रक्तात तयारच असतात. फुरशाचं विष त्यांना नको तेव्हा, नको तिथे कामाला लावतं. ती सगळी वापरून संपतात आणि मग खरी गरज पडते तेव्हा रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, जखमेतून ते वाहत राहतं.

डॉक्टर हे ओळखतात कसे? अगदी साध्या रीतीनं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतात आणि 20 मिनिटं ते मुळीच हलवत नाहीत. मग नळी हळूच कलंडवून बघतात. रक्ताची गुठळी झालेली नसेल आणि ते पाण्यासारखं ओघळलं, तर विष आपलं काम करतंय. लगेच इंजेक्शन सुरू! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालतं. ते मिळतं दवाखान्यात. म्हणून कुणाला साप चावला तर कापणं, चोखणं, दोरीनं आवळणं यांतलं काहीही करू द्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता, वाहनातून तडक दवाखाना गाठायचा. आणि सड्यावर खेळताना हातानं दगड उलथायचा नाही बरं का. रात्री बाहेर जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच.

आता सगळ्यांत नवलाची गोष्ट. फुरशाच्या विषात ‘एकिस्टॅटिन’ नावाचं एक चिमुकलं प्रथिन असतं. अवघ्या 49 कड्यांची साखळी. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटू नयेत, हे त्याचं काम. शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की या 49 कड्यांपैकी खरी करामत लागोपाठच्या तीनच कड्यांची आहे. हृदयविकाराच्या झटक्यात नेमकं उलटं घडत असतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बिंबिका चिकटून गुठळी होते आणि रक्ताची वाट अडते. मग त्यांनी प्रयोगशाळेत त्या तीन कड्यांसारखा दिसणारा एक छोटासा रेणू घडवला आणि त्याचं औषध केलं. त्याचं नाव टायरोफिबॅन. 1998 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि हृदयविकाराच्या रुग्णांना ते सलाइनसारखं थेंबाथेंबानं शिरेतून देऊ लागले.