रस्ता जेव्हा प्रश्न विचारतो

मोटारीने केलेल्या लांबच्या प्रवासात आनंद नेमका कशाचा असतो? डोंगरदऱ्या रेल्वेच्या खिडकीतूनही दिसतात. वेगच हवा असेल तर विमान आहे. या प्रश्नाच्या शोधात मला दोन प्रवास उपयोगी पडले: एक इतिहासातला, एक माझा.

ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ ही जर्मन स्त्री नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन निघाली. सोबत ऑयगेन आणि रिचर्ड ही मुले. मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी. सुमारे १०६ किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. पेट्रोलपंप नव्हतेच. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन हा द्रव इंधन म्हणून घेतला. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे बसवून घेतले. चढावर गाडी ढकलावी लागली. त्या अनुभवातूनच पुढे मोटारीला चढासाठी आणखी एक गिअर मिळाला.

आजच्या द्रुतगती मार्गावर गाडी आपल्याला असे काहीच विचारत नाही. मनाली-लेह रस्ता मात्र विचारतो. २०१९च्या जुलैत आम्ही दोघे पुण्याहून आमच्या लहान पेट्रोल गाडीने तिकडे गेलो. टांडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, दार्चा मागे टाकले आणि बारालाचा खिंडीच्या चढाला लागलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कुंथू लागली. बिघाड काही नव्हता. जवळजवळ ४,९०० मीटर उंचीच्या त्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. प्राणवायूचे प्रमाण तेच, पण प्रत्येक घोटात हवाच कमी; मग इंजिनही दमते आणि माणूसही. पत्नीचे डोके सकाळपासून ठणकत होते.

दुपारी तीनला रस्त्यावर आडवा नाला आला. हिमनदीच्या पाण्यालाही घड्याळ असते. उन्हाने बर्फ वितळते, ते पाणी खाली उतरेपर्यंत दुपार होते आणि संध्याकाळपर्यंत ओढा फुगत जातो. रात्री गारठा पडला की वितळणे मंदावते. पहाटे तोच ओढा घोट्याएवढा होतो. हे मी घरी वाचले होते. तरीही समोर एक ट्रक पार झाला आणि माझा हात गिअरकडे गेला.

“अहो, आपली गाडी म्हणजे ट्रक नव्हे,” पत्नी म्हणाली.

राग आला, पण गाडी वळवली. दार्च्याला उतरलो. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणे हाच. रात्री तिचे डोके थांबले. एक दिवस विश्रांती घेतली आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा त्याच नाल्यावर पोहोचलो. पाण्यातले दगड मोजता येत होते. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, पलीकडे गेलो.

लेहला पोहोचल्याचा आनंद झालाच; पण आज आठवतो तो नाला. बर्थाबाईंच्या पिनेत आणि आमच्या माघारीत मला एकच गोष्ट दिसते. रस्ता प्रश्न विचारतो, आणि उत्तर आपल्यालाच शोधावे लागते. लांबच्या प्रवासाचा आनंद त्या उत्तरात आहे. मग ते उत्तर कधी ‘मागे फिर’ असे का असेना.